हॅली बेचे पेंग्विन: थंडी होती, बर्फ टिकला नाही

अंटार्क्टिकात वेडेल समुद्राच्या पूर्व काठाला ब्रंट नावाचा आईस शेल्फ आहे. जमिनीवरची हिमनदी सरकत सरकत समुद्रावर येते आणि तिचा जाड थर पाण्यावर तरंगत राहतो, त्याला आईस शेल्फ म्हणतात. या ब्रंटच्या कडेला हॅली बे नावाची खाच होती. तिच्या घळींत दर हिवाळ्यात समुद्राचं पाणी गोठायचं, आणि त्या गोठलेल्या पाण्यावर एम्परर पेंग्विनची जगातली दुसऱ्या क्रमांकाची वसाहत भरायची. सगळ्यांत मोठी वसाहत रॉस समुद्रातल्या कूलमन बेटाजवळची. हॅली बेला वर्षागणिक 14,000 ते 25,000 जोड्या येत, म्हणजे जगातल्या एम्परर पेंग्विनपैकी 5 ते 9 टक्के. ब्रिटिशांनी 1956 मध्ये इथे तळ उभारला तेव्हापासून या वसाहतीची नोंद आहे. ओझोनच्या थराला पडलेलं भगदाड 1985 मध्ये जगापुढे आलं ते याच हॅली तळावरच्या मोजमापांतून.

2016 ते 2018 अशी सलग तीन वर्षं या वसाहतीत जवळपास एकही पिल्लू जगलं नाही. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या पीटर फ्रेटवेल आणि फिलिप ट्रॅथन यांनी उपग्रहचित्रं तपासून हा प्रकार एप्रिल 2019 मध्ये प्रसिद्ध केला. पेंग्विन कुठे राहतात, थंडीत कसे तगतात हे आपण शाळेपासून वाचत आलोय. पण हॅली बेचं प्रकरण नीट पाहिलं की त्या माहितीतला एक मोठा गैरसमज उघडा पडतो. आपण धरून चालतो की पेंग्विनला थंडी पुरवली की झालं. इथे थंडीची कमतरता नव्हतीच.

पेंग्विन नेमके राहतात कुठे

पेंग्विनच्या साधारण 18 जाती मानतात. बर्फाशीच पक्की गाठ असलेल्या त्यांतल्या दोनच: एम्परर आणि अॅडेली. जेंटू, चिनस्ट्रॅप, मॅकरोनी यांची काही मंडळी अंटार्क्टिक द्वीपकल्पावर असतात, पण बरीचशी भोवतालच्या बेटांवर. बाकीचे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाचा दक्षिण किनारा, दक्षिण आफ्रिका, नामिबिया, चिली, पेरू इथे. गॅलापागोसचे तर विषुववृत्तालाच चिकटून राहतात. 2016 मध्ये मुंबईत राणीच्या बागेत पेंग्विन आले तेव्हा ‘मुंबईच्या उकाड्यात हे बर्फातले पक्षी कसे राहणार’ असं घरोघरी बोललं गेलं. ते हम्बोल्ट जातीचे, म्हणजे पेरू-चिलीच्या कोरड्या, जवळपास वाळवंटी किनाऱ्यावरचे. त्यांच्या मूळ गावी बर्फ औषधालाही नाही. (वातानुकूलित दालन त्यांना लागतं हे खरंच. पण ते 16 ते 18 अंशांचं, उणे चाळीसचं नव्हे.)

या सगळ्या जातींना जोडणारा धागा जमिनीवर सापडत नाही, तो पाण्यात आहे. हम्बोल्टच्या किनाऱ्याजवळून थंड प्रवाह वाहतो, आफ्रिकन पेंग्विनच्या किनाऱ्याजवळून बेंग्वेला प्रवाह. गॅलापागोसलाही खोलातून वर येणारं गार पाणी मिळतं. असं पाणी वर येताना तळाची पोषकद्रव्यं घेऊन येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर क्रिल (कोळंबीसारखे बारीक समुद्री जीव) आणि मासे. अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिण महासागर म्हणजे या व्यवस्थेचं सर्वांत मोठं रूप. शिवाय थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. तिथल्या काठावर कोल्हा, अस्वल, लांडगा असा जमिनीवरचा एकही शिकारी नाही, त्यामुळे न उडणाऱ्या पक्ष्याला उघड्यावर अंडं देणं परवडतं. पाण्यात लेपर्ड सील आणि ऑर्का आहेत, वर स्कुआ आणि जायंट पेट्रेल पिल्लांवर टपून असतात. तरी काठावर निर्धास्तपणे उभं राहता येणं ही न उडणाऱ्या पक्ष्यासाठी फार मोठी सवलत आहे.

तेव्हा थंडी ही पेंग्विनची आवड असल्यापेक्षा भरल्या ताटासाठी मोजलेली किंमत आहे, असं मला वाटतं. एम्परर ही किंमत सगळ्यांत जास्त मोजतो.

उलटं वेळापत्रक

अंटार्क्टिकातले बाकीचे पक्षी उन्हाळ्यात अंडी घालतात. एम्परर मात्र मार्च-एप्रिलमध्ये, हिवाळा तोंडावर आला असताना, वसाहतीत जमतात. मादी मे-जूनमध्ये एकच अंडं घालते, साधारण साडेचारशे ग्रॅमचं. ते नराच्या पायांवर सरकवते आणि समुद्राकडे निघून जाते. ही देवघेव पाहण्यासारखी असते. मादी पाय फाकवून अंडं बर्फावर येऊ देते, नर चोचीने ते आपल्या पंज्यांवर ओढून घेतो आणि पोटाखालची कातडीची घडी त्यावर सोडतो. नवख्या जोड्यांकडून अंडं निसटतं. बर्फावर मिनिट-दोन मिनिटं राहिलं तरी आतला जीव गोठतो, आणि त्या जोडीचं वर्ष तिथेच संपतं.

पुढचे साधारण 65 दिवस नर ते अंडं पायांवर घेऊन उभा. हॅलीसारख्या ठिकाणी वर्षातले शंभरेक दिवस सूर्य उगवतच नाही. हिवाळ्यात तापमान उणे 20 च्या खाली असतं आणि कधीकधी उणे 50 च्याही पलीकडे जातं. वसाहतीत आल्यापासून मादी परत येईपर्यंत नर जवळपास 115 दिवस उपाशी असतो, वजन निम्म्याच्या जवळपास उतरतं. अंडं फुटलं आणि मादी अजून आलेली नसली, तर अन्ननलिकेत तयार होणारा दुधाळ द्रव तो पिल्लाला भरवतो. हे सगळं अन्नाचा कण पोटात नसताना.

असा उलटा हिशेब कशासाठी? एम्पररचं पिल्लू मोठं व्हायला पाच महिने लागतात. उन्हाळ्यात अंडं घातलं तर पिल्लू ऐन हिवाळ्यात समुद्रात उतरेल आणि मरेल. हिवाळ्यात घातलं तर डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा बर्फ मागे हटलेला असतो आणि खाणं मुबलक असतं, तेव्हा ते पोहायला तयार होतं. आईबापांनी हिवाळा अंगावर घ्यायचा तो पिल्लाला उन्हाळा मिळावा म्हणून.

या वेळापत्रकाची एक अट आहे. वसाहत ज्यावर उभी असते तो किनाऱ्याला चिकटलेला समुद्रबर्फ एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत हलता कामा नये. साधारण नऊ महिने. एम्परर घरटं बांधत नाही, खडकावर जात नाही (तसे अपवाद थोडे आहेत), त्याची जमीन म्हणजे हा बर्फ. हॅली बेत मोडली ती हीच अट.

शरीर कुठवर पुरतं

एम्पररच्या शरीराबद्दल बोलायचं तर कौतुकाला अंत नाही. उंची एक मीटरच्या वर, वजन ऋतूप्रमाणे 22 ते 45 किलो. आकार मोठा आणि चोच-पाय-पंख तुलनेने लहान, म्हणून उष्णता निसटायला पृष्ठभाग कमी. कातडीखाली दोन-तीन सेंटीमीटर चरबी असते, पण ऊब राखण्याचं बहुतेक काम पिसं करतात. वरच्या कडक पिसांखाली मऊ लवेचा दाट थर असतो. ही लव वरच्या पिसांच्या कितीतरी पट जास्त, आणि हवा तीच धरून ठेवते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने एम्पररची छायाचित्रं काढली तेव्हा दिसलं की त्यांच्या अंगावरच्या पिसांचा बाहेरचा पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षाही थंड आहे. निरभ्र आकाशाकडे तो उष्णता फेकत असतो आणि आतून त्याला जवळपास काहीच मिळत नाही. आत शरीर 38 अंशांच्या आसपास, आणि बाहेरची पिसं हवेहूनही गार.

पाय आणि पंख यांना पिसांचं संरक्षण कमी. तिथे शरीराकडून जाणारं गरम रक्त आणि परत येणारं थंड रक्त शेजारशेजारच्या वाहिन्यांतून वाहतं आणि आपापसांत उष्णतेची देवाणघेवाण करतं. त्यामुळे पंजा गोठणबिंदूच्या जरासा वर राहतो, इतकाच. बर्फावर उभं राहायला तेवढं पुरतं, आणि गरम पंजाने बर्फ वितळून पुन्हा गोठण्याचा त्रासही टळतो. श्वास सोडताना नाकातून जाणारी बरीचशी उष्णता आणि ओलावा आतच परत घेतला जातो.

तरी एकट्या पक्ष्याला हा हिवाळा झेपत नाही. झेपतो तो घोळक्यामुळे. एम्परर हद्दीसाठी भांडत नाहीत, कारण राखायला घरटंच नाही. दगडांचं घरटं करून त्यावर बसणाऱ्या अॅडेलीला ही सोय नाही. जर्मनीच्या नॉयमायर तळाजवळ अटका बेच्या वसाहतीत ठरावीक अंतराने छायाचित्रं घेऊन शास्त्रज्ञांनी घोळक्याची चाल मोजली. दर 30 ते 60 सेकंदांनी एखादा पक्षी पाच-दहा सेंटीमीटरचं पाऊल टाकतो, शेजारी त्याच्यामागे सरकतो आणि हळूहळू ती हालचाल घोळक्यातून लाटेने पसरते. वाऱ्याकडच्या बाजूचे पक्षी कडेकडेने वाऱ्याआड येतात. बाहेरचा आत, आतला बाहेर. दाट घोळक्यात मध्यभागी तापमान कधीकधी 37 अंशांपर्यंत चढतं, म्हणून तो घोळका मोडतोही वारंवार. उकडतं म्हणून.

आणि समुद्रात? 500 मीटरपेक्षा खोल बुडी, 32 मिनिटांची विक्रमी डुबकी, आणि तेही उणे 1.8 अंशांच्या पाण्यात. उडणाऱ्या पक्ष्यांची हाडं पोकळ असतात, यांची भरीव.

हे सगळं प्रौढ पक्ष्याचं. पिल्लाचं वेगळं आहे, आणि हॅली बेच्या प्रकरणाचा पेच तिथेच आहे. पिल्लाच्या अंगावर राखाडी लव असते. कोरड्या हवेत ती फार चांगली ऊब धरते, उणे तापमानात पिल्लं घोळका करून निभावून नेतात. पण तिच्यात पाणी शिरतं. पाण्यात टिकणारी पिसं डिसेंबरच्या सुमारास येतात. त्याआधी पायाखालचा बर्फ फुटला आणि पिल्लू समुद्रात पडलं, तर ते बुडतं किंवा गारठून मरतं. ज्या शरीराबद्दल आपण एवढं बोलतो ते पिल्लात अजून तयारच झालेलं नसतं.

काय घडलं

एम्पररच्या वसाहती माणसांनी प्रत्यक्ष पाहिल्या त्या मोजक्याच, कारण त्या हिवाळ्यात भरतात आणि फार दुर्गम जागी असतात. 2009 च्या सुमारास उपग्रहचित्रांतून वसाहती शोधायची युक्ती फ्रेटवेल-ट्रॅथन यांनीच पुढे आणली. पक्षी एवढे लहान की साध्या उपग्रहचित्रात दिसत नाहीत, पण महिनोन्महिने एका जागी उभे राहिल्याने त्यांच्या विष्ठेचा तपकिरी डाग बर्फावर पडतो, आणि तो अंतराळातून दिसतो. त्या पहिल्याच अभ्यासात 10 नवीन वसाहती सापडल्या. पुढे अधिक तपशीलवार चित्रांतून 2012 मध्ये 46 वसाहती आणि सुमारे 5,95,000 पक्षी मोजले गेले, आधीच्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट.

हॅली बेचा हाच डाग पाहिला जात होता. सप्टेंबर 2015 मध्ये तिथे असामान्य वादळी हवा होती, सोबत 60 हून अधिक वर्षांतला सर्वांत प्रबळ एल निनो, जोरदार वारे आणि त्या भागापुरता समुद्रबर्फाचा नीचांक. घळींतला बर्फ लवकर फुटण्याची सुरुवात संशोधकांनी याच काळाशी जोडली आहे. 2016 मध्ये बर्फ ऑक्टोबरमध्येच फुटला. पिल्लं तेव्हा अर्धवट वाढलेली, राखाडी लवेची. त्यांना उतरायला आणखी दोन महिने तरी हवे होते. 2017 मध्ये तेच झालं, 2018 मध्येही तेच. हॅली बेत याआधीही वाईट वर्षं आली होती, कारण एम्परर वसाहतींत यशाचा आकडा दरसाल चढतो-उतरतोच. पण साठ वर्षांच्या नोंदीत सलग तीन वर्षं असं कधी झालं नव्हतं.

प्रौढ पक्ष्यांचं काय झालं? इथून 55 किलोमीटर दक्षिणेला डॉसन-लँब्टन हिमनदीजवळ दुसरी एक छोटी वसाहत होती. 2015 मध्ये तिथे तेराशेच्या आत जोड्या होत्या, 2018 मध्ये सुमारे 14,600. एवढी वाढ पैदाशीतून होऊ शकत नाही, कारण एम्पररला वर्षाला एकच पिल्लू होतं आणि प्रजननाला लागायला त्याला काही वर्षं जातात. सरळ अर्थ असा की हॅलीचे बरेच पक्षी तिकडे गेले. एम्परर दरवर्षी जन्मगावीच परततात अशी समजूत होती. या तीन वर्षांनी तिला मोठा तडा दिला.

ही या प्रकरणातली दिलासा देणारी बाजू. पण ती जपून वाचायला हवी. पक्षी हलले, पण त्या तीन वर्षांत गेलेली पिल्लं परत येणार नाहीत. सगळे हॅलीकर डॉसन-लँब्टनला पोचले असंही नाही, आकड्यांत ते जुळत नाही. काहींनी बहुधा त्या काळात प्रजननच केलं नसावं, काही इतरत्र विखुरले असावेत. आणि डॉसन-लँब्टन जवळ होतं म्हणून हे जमलं. दोन वसाहतींमध्ये शेकडो किलोमीटरचं अंतर असतं तिथे काय?

दोष कोणाचा

इथे सोपं उत्तर देण्याचा मोह होतो: हवामान बदल. संशोधकांनी स्वतः तसं सांगितलेलं नाही. हॅली बेच्या त्या विशिष्ट घळींतला बर्फ नेमका हवामान बदलामुळे फुटला, असं म्हणता येत नाही ही त्यांची भूमिका, आणि मला ती रास्त वाटते. एक एल निनो, एक वादळी मोसम, आणि त्यात ब्रंट शेल्फची आपली स्वतःची गडबड.

ती गडबड त्याच वर्षांत चालू होती. ब्रंट शेल्फ मॅकडॉनल्ड आईस रंपल्स या ठिकाणी समुद्रतळाच्या उंचवट्याला टेकलेला आहे; ताणलेल्या ताडपत्रीला एका कडेने खुंटीने धरून ठेवावं तसा. 35 वर्षं निपचित असलेली चॅझम-1 ही भेग 2012 मध्ये पुन्हा वाढू लागली आणि ऑक्टोबर 2016 मध्ये ‘हॅलोवीन क्रॅक’ नावाची दुसरी भेग उघडली. ब्रिटिशांनी 2016-17 च्या उन्हाळ्यात हॅली तळाच्या इमारती स्कीवर ओढत 23 किलोमीटर आत नेल्या. हिवाळ्यात तिथे माणसं ठेवणं बंद केलं. पुढे शेल्फचे दोन प्रचंड तुकडे सुटले: फेब्रुवारी 2021 मध्ये 1,270 चौरस किलोमीटरचा ए-74 आणि जानेवारी 2023 मध्ये 1,550 चौरस किलोमीटरचा ए-81. वसाहत बसली होती तो समुद्रबर्फ वेगळा आणि हा शेल्फ वेगळा, एवढं लक्षात ठेवायचं. बातम्यांत दोन्हीची सरमिसळ झाली होती.

एकट्या घटनेचं खापर कोणाच्या माथी फोडता आलं नाही तरी तिने दाखवलेली कमजोरी खरी आहे. वेडेल समुद्र हा सगळ्यांत थंड भागांपैकी एक, हवामान बदलाच्या काळात एम्पररसाठी शेवटचा आसरा ठरेल असं मानला गेलेला. तिथेच एवढी मोठी वसाहत तीन वर्षं रिकाम्या हाताने परतली. याआधी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात अंटार्क्टिकाच्या टेर अॅडेली नावाच्या भागात फ्रेंच तळाजवळची एम्पररची वसाहत उबदार वर्षांत निम्म्यावर आली होती. तिथे वर्षानुवर्षं चाललेल्या मोजणीतून आणखी एक गोष्ट कळते: बर्फ फार जास्त पसरला तरी तोटाच होतो, कारण आईबापांना पाण्यापर्यंत लांब चालावं लागतं आणि पिल्लाच्या घासांमधलं अंतर वाढतं. बर्फ कमी नको, जास्त नको, आणि मुख्य म्हणजे लवकर फुटायला नको.

2022 मध्ये हीच गोष्ट एका वसाहतीपुरती राहिली नाही. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला बेलिंग्सहाउझेन समुद्रात एम्पररच्या पाच वसाहती आहेत. त्या वर्षी तिथला समुद्रबर्फ एवढा लवकर गेला की पाचपैकी चार वसाहतींत पिल्लं पूर्णपणे गेली. रॉथ्सचाइल्ड बेटाजवळची तेवढी वाचली. एका भागातल्या शेजारच्या वसाहती एकाच मोसमात गेल्या, तर डॉसन-लँब्टनसारखी पर्यायी जागा उरत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने एम्पररला आपल्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली धोक्यातली जात म्हणून नोंदवलं.

भारताचाही या काठाशी थोडा संबंध आहे. पूर्व अंटार्क्टिकात लार्समन टेकड्यांवर आपला भारती तळ आहे, गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय संस्थेकडून चालवला जाणारा. त्याच प्रिड्झ उपसागरात, तळापासून फार लांब नाही अशा अमांडा बेमध्ये एम्पररची वसाहत आहे. तिथे उन्हाळ्यात गेलेल्या माणसाला पोचेपर्यंत हिवाळ्याचं सगळं नाट्य उरकलेलं असतं, म्हणून तिथेही उपग्रहाचाच आधार.

आणि हॅलीचे पक्षी? जानेवारी 2024 मध्ये जाहीर झालेल्या उपग्रह पाहणीत चार नव्या वसाहतींची भर पडून माहीत असलेल्या वसाहती 66 झाल्या. त्याच पाहणीत हॅली बेचा समूह जुन्या जागेपासून सुमारे 30 किलोमीटर पूर्वेला, मॅकडॉनल्ड आईस रंपल्सजवळ हललेला दिसतो. शेल्फ जिथे तळाला टेकतो त्याच भागात. जुन्या घळी त्यांनी सोडल्या आहेत. नव्या जागेचा बर्फ डिसेंबरपर्यंत टिकतो का, हे दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरची चित्रं आल्यावरच कळणार.